रेडिएटर कोमट, घर उबदार: जुन्या घरात हीट पंप चालतो का?

(एपिसोडचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय खूप जणांनी मागितला होता. लीड्स, लेस्टर, स्लाऊ अशा ठिकाणी राहणारी आपली मंडळी सारखी विचारतात, "आमच्या घरात जुने रेडिएटर आहेत, मग हीट पंप चालेल का? की सगळं उखडून टाकावं लागेल?"

मला या प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या घरात शोधावं लागलं, आणि तेही घाईच्या वेळी. त्यामुळे आज गोष्ट माझ्याच घराची.

आम्ही लीड्समध्ये राहतो. १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर, म्हणजे एक भिंत शेजाऱ्यांशी जोडलेली. तीन बेडरूम, आठ रेडिएटर आणि स्वयंपाकघरात १६ वर्षांचा गॅस बॉयलर. २०२५ च्या जानेवारीत, बाहेर उणे ३ असताना, तो बॉयलर बंद पडला. माझी आई तेव्हा साताऱ्याहून आली होती. वय ७१, गुडघे दुखतात, आणि थंडी तिला अजिबात सोसत नाही. दोन दिवस आम्ही दोन फॅन हीटरवर काढले. आई स्वेटरवर स्वेटर चढवून, डोक्याला स्कार्फ बांधून बसली होती. म्हणाली, "अगं, साताऱ्यात एवढी थंडी नसते तरी शेकोटी असते. इथे एवढी थंडी आणि शेकोटी पण नाही!"

दुरुस्तीवाल्याने आतला पंखा बदलून बॉयलर कसाबसा चालू केला. जाताना म्हणाला, "पुढचा हिवाळा हा काढणार नाही." म्हणजे आमच्याकडे आठ-नऊ महिने होते. पुन्हा गॅसचा बॉयलर घ्यायचा, की हीट पंप?

एक माणूस पाहणीला आला. वीस मिनिटं घरात फिरला, टेप सुद्धा काढली नाही, आणि म्हणाला, "जुनं घर आहे. सगळे रेडिएटर बदला, सगळे पाइप बदला, नाहीतर विसरा." दुसरीकडे ओळखीतल्या एकाने सांगितलं, "काही बदलू नको, आहे तसा लाव, मस्त चालतो." दोघंही अगदी ठाम. आणि दोघांनीही माझ्या घरातलं काहीच मोजलं नव्हतं. म्हटलं, आता आपणच समजून घेऊ.

आधी बेसिक: रेडिएटर म्हणजे काय?

महाराष्ट्रात बसून ऐकणाऱ्यांसाठी सांगते. ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत प्रत्येक खोलीत, बहुतेक वेळा खिडकीखाली, भिंतीला एक चपटी लोखंडी पेटी असते. बॉयलर पाणी तापवतो, ते पाणी पाइपांतून या पेट्यांमध्ये फिरतं, खोलीला उष्णता देतं आणि थोडं थंड होऊन परत बॉयलरकडे जातं. आपल्याकडच्या पाणी तापवायच्या बंबाला पाइप जोडून सगळ्या घरात फिरवलं तर कसं, तसंच काहीसं.

गॅस बॉयलर हे पाणी सहज ७० डिग्रीला पाठवतो. रेडिएटरला हात लावला तर चटका बसतो. लोक त्यावर मोजे वाळवतात.

आणि हीट पंप?

तो तुमच्या ओळखीचा आहे. पुण्यातल्या बेडरूममधला एसी काय करतो? खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. म्हणून बाहेरच्या युनिटसमोर उभं राहिलं की गरम वारा लागतो. फ्रिजच्या मागेही हेच चाललेलं असतं. हेच उलट करा. बाहेरच्या हवेतली उष्णता उचला आणि घरातल्या पाण्याला द्या. झाला हीट पंप. हा उष्णता तयार करत नाही, ती वाहून आणतो. हमाल आहे म्हणा ना! एक युनिट वीज त्याची मजुरी, आणि त्या बदल्यात तो तीन-चार युनिट उष्णता घरात आणून टाकतो.

पण हमालाला विचारा, सामान दुसऱ्या मजल्यावर न्यायचं की पाचव्या, यावर मजुरी बदलते की नाही? बदलतेच. इथे मजला म्हणजे पाण्याचं तापमान. बाहेर २ डिग्री असताना पाणी ३५ पर्यंत न्यायचं तर काम हलकं. एका युनिटला चार युनिट उष्णता मिळू शकते. तेच पाणी ५५ पर्यंत न्यायचं म्हटलं की अडीच-तीनवर येतं. ढोबळ हिशोब असा, की पाण्याचं तापमान एक डिग्रीने कमी केलं की कार्यक्षमता दोन-तीन टक्क्यांनी वाढते.

म्हणजे हीट पंपला कोमट पाणी आवडतं आणि जुना रेडिएटर निवडलेला असतो कडकडीत पाण्यासाठी. सगळं भांडण इथेच आहे.

रेडिएटरवर छापलेला आकडा फसवा का असतो?

रेडिएटरच्या कॅटलॉगमध्ये लिहिलेलं असतं, १००० वॅट, २००० वॅट वगैरे. पण तो आकडा एका अटीवर असतो. पाणी आत जाताना ७५, बाहेर येताना ६५, म्हणजे सरासरी ७०, आणि खोली २० डिग्री. फरक ५० डिग्रीचा. फरक कमी झाला की रेडिएटर कमी उष्णता देतो, आणि सरळ प्रमाणात कमी देत नाही, त्याहून जास्त घसरतो. कारण रेडिएटर कोमट असला की त्याच्या पत्र्यांमधून वर जाणारा हवेचा प्रवाहही मंदावतो.

खोली २० डिग्री, आणि पाणी परत येताना पाच डिग्रीने थंड झालेलं, असं धरून आकडे सांगते. लिहून घ्या, नाहीतर स्क्रीनशॉट काढा:

- पाणी ५५ डिग्री: छापील आकड्याच्या ५७ टक्के
- पाणी ५० डिग्री: ४६ टक्के
- पाणी ४५ डिग्री: ३५ टक्के
- पाणी ३५ डिग्री: फक्त १६ टक्के

म्हणजे ५० डिग्रीच्या पाण्यावर १००० वॅटचा रेडिएटर प्रत्यक्षात ४६० वॅटचा. हे पाहिल्यावर वाटतं, तो पहिला माणूस बरोबरच बोलत होता, सगळे रेडिएटर बदलायलाच हवेत. पण थांबा. हा निम्मा हिशोब झाला. रेडिएटर किती देतो ते कळलं. खोलीला लागतं किती?

खोली किती उष्णता गळवते?

खोली म्हणजे भोक पडलेली बादली समजा. जेवढं गळतं तेवढंच ओतत राहायचं. आमच्या हॉलचा हिशोब सांगते. हॉल साधारण ४ मीटर बाय ३.६ मीटर, उंची २.४. बाहेर उणे ३, आत २० हवं, म्हणजे फरक २३ डिग्रीचा. आता दर एका डिग्रीमागे किती वॅट गळतात ते पाहू:

- बाहेरची भिंत (दुहेरी विटांची, मधल्या पोकळीत इन्सुलेशन भरलेलं): सुमारे ३
- जुनी डबल काचेची खिडकी: सुमारे ८
- खाली पोकळी असलेली लाकडी जमीन: १०
- फटींमधून, दारांखालून, बंद पडलेल्या शेकोटीच्या धुराड्यातून जाणारी हवा: १७

बेरीज ३८. गुणिले २३. झाले साधारण ८७५ वॅट. आणि आमच्या हॉलमधला रेडिएटर होता एकेरी पत्र्याचा, छापील १००० वॅटचा. बॉयलरच्या ७० डिग्रीच्या पाण्यावर कसाबसा पुरायचा. ५० च्या पाण्यावर ४६०. म्हणजे नापास.

पण याच पद्धतीने आमची बेडरूम मोजली. तिथे गळती ५०० वॅट, आणि कुणीतरी मागे कधी दुहेरी पत्र्याचा १३५० वॅटचा रेडिएटर लावून ठेवलेला. बेडरूममध्ये आम्हाला १८ डिग्री पुरतात. तिथे ५० च्या पाण्यावरही तो साडेसहाशेच्या वर देतो. पास! काहीही बदलायची गरज नाही.

हे समजलं तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "जुन्या घरात हीट पंप चालतो का" हा प्रश्नच चुकीचा आहे. खरा प्रश्न खोलीगणिक विचारायचा: सगळ्यात थंड दिवशी ही खोली किती डिग्रीच्या पाण्यावर उबदार राहते? जुन्या घरांमध्ये गंमत अशी, की गेल्या तीस-चाळीस वर्षांत खिडक्या डबल काचेच्या झाल्या, माळ्यावर इन्सुलेशन पडलं, भिंती भरल्या गेल्या, आणि रेडिएटर मात्र पहिलेच राहिले. त्यामुळे बरेच रेडिएटर आजच्या गरजेपेक्षा मोठे ठरतात.

एक पौंडही न घालवता करायची चाचणी

आता आजच्या एपिसोडमधला सगळ्यात कामाचा भाग. तुमचा आत्ताचा बॉयलरच तुम्हाला उत्तर देऊ शकतो. त्याला काही दिवस हीट पंप असल्याचं सोंग घ्यायला लावायचं.

कॉम्बी बॉयलरवर सहसा दोन सेटिंग असतात. एकावर नळाचं चित्र, एकावर रेडिएटरचं. रेडिएटरवालं ५० वर आणा. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटबद्दल मी बोलत नाहीये, बॉयलरवरच्या सेटिंगबद्दल बोलतेय. मग प्रत्येक रेडिएटरचा नॉब पूर्ण उघडा, हीटिंग दिवस-रात्र चालू ठेवा, आणि प्रत्येक खोलीत एक स्वस्तातला थर्मामीटर ठेवा. दिवस निवडताना थंड निवडा, बाहेर ० ते ३ डिग्री असेल असा. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ आकडे लिहा.

दोन सूचना. ज्यांच्या घरात गरम पाण्याची वेगळी टाकी आहे, त्यांनी टाकीचं पाणी ६० डिग्रीला तापतंय याची खात्री करा. कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात. आणि घरात तान्हं बाळ किंवा वयस्कर माणूस असेल, तर त्यांच्या खोलीत वेगळा हीटर तयार ठेवा. प्रयोगासाठी कुणाला गारठवायचं नाही.

आम्ही फेब्रुवारीत केली ही चाचणी. बाहेर २ डिग्री. आठपैकी पाच खोल्या-कोपऱ्यांमध्ये १९-२० मिळाले, काही न करता. तीन ठिकाणी नापास. हॉल १६ च्या वर जाईना, म्हणजे कागदावरचा हिशोब आणि घर, दोघांनी एकच उत्तर दिलं. बाथरूममध्ये चकचकीत टॉवेल वाळवायची शिडी होती. दिसायला छान, पण ती उष्णता फार कमी देते. आणि तिसरी खोली, मागची, उत्तरेकडची. १७ डिग्री. नेमकी आईची खोली.

म्हणजे आकड्यांनी सांगितलं की घर बहुतांशी तयार आहे, फक्त ज्या माणसासाठी हा सगळा खटाटोप चाललाय, तिचीच खोली तयार नाही. त्या पहिल्या माणसाचं ऐकलं असतं तर सगळं उखडलं असतं. "काही बदलू नको" म्हणणाऱ्याचं ऐकलं असतं तर आई पुढचा हिवाळा १७ डिग्रीत कुडकुडत बसली असती.

मग काय बदललं?

पहिलं काम फटींचं. हॉलमधलं वापरात नसलेलं धुराडं लोकरीचा गोळा कोंबून बंद केलं, दाराखाली ब्रश लावले. नुसत्या एवढ्याने हॉलची गळती ८७५ वरून साडेसातशेच्या आसपास आली असावी. पण ज्यांच्याकडे गॅसची शेगडी किंवा लाकडाची शेकोटी चालू आहे, त्यांनी धुराडं किंवा हवेची जाळी अजिबात बंद करू नका. तिथे विषारी वायूचा धोका असतो.

दुसरं, तीन रेडिएटर. इथे एक चांगली गोष्ट कळली. रेडिएटर मोठा करायचा म्हणजे भिंतभर लांब करायचा असं नाही, जाड केला तरी चालतो. एकेरी पत्र्याऐवजी दुहेरी पत्रा आणि मध्ये दोन जाळ्या असलेला घेतला, तर तेवढ्याच लांबीत सुमारे पावणेदोन पट उष्णता. तिहेरी घेतला तर आणखी जास्त. हॉलमध्ये १.२ मीटरचा दुहेरी लावला, छापील आकडा २०५० वॅट. ५० डिग्रीवर त्यातून साडेनऊशेच्या जवळपास मिळतात. आईच्या खोलीत मुद्दाम गरजेपेक्षा एक साइज मोठा.

तिसरं, पाइप. इथे पण थोडं गणित आहे, घाबरू नका. बॉयलरचं पाणी रेडिएटरमध्ये दहा-वीस डिग्रीने थंड होऊन परत येतं, हीट पंपचं साधारण पाच डिग्रीनेच. म्हणजे तेवढीच उष्णता पोचवायला दोन ते चार पट पाणी फिरवावं लागतं. ८७५ वॅटसाठी मिनिटाला अडीच लिटर. आमच्याकडे प्रत्येक रेडिएटरला १५ मिलिमीटरचा तांब्याचा पाइप आहे. त्यातून अडीच लिटर आरामात जातं. म्हणून एकही पाइप बदलावा लागला नाही. पण १९७०-८० च्या दशकातल्या काही घरांत ८ मिलिमीटरचे बारीक पाइप आहेत. स्ट्रॉमधून मिल्कशेक ओढल्यासारखं होतं तिथे. आवाज येतो, पंपाला जोर लागतो. तुमच्या रेडिएटरला पेन्सिलीएवढा बारीक पाइप येत असेल, तर पाहणीला येणाऱ्याला हे पहिल्यांदा विचारा.

चौथं, धुलाई. जुन्या रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं काळा गाळ साचतो, लोखंडाच्या गंजाचा. रेडिएटर वरून गरम आणि खालून थंड लागत असेल तर गाळ आहे असं समजा. वरून थंड असेल तर हवा अडकली आहे, ती किल्लीने काढता येते. कोमट पाण्यावर चालवायचं तर रेडिएटरचा प्रत्येक इंच कामाला लागायला हवा. त्यामुळे सगळी लाइन धुऊन घेतली आणि गाळ पकडणारा चुंबकाचा फिल्टर लावला.

पाचवं, गरम पाण्याची टाकी. आमचा कॉम्बी बॉयलर नळ सोडला की तिथल्या तिथे पाणी तापवायचा. त्यासाठी तो २८ किलोवॅटचा होता. आमच्या घराला सगळ्यात थंड दिवशी लागतात फक्त ६ किलोवॅट! हीट पंप तेवढ्या झटक्यात पाणी तापवू शकत नाही, त्याला टाकी भरून ठेवावी लागते. २०० लिटरची टाकी वरच्या मजल्यावरच्या कपाटात गेली. आईच्या बॅगा ठेवायची जागा गेली. ही किंमत कुणी जाहिरातीत सांगत नाही, म्हणून मी सांगतेय.

पैशांचं काय?

इंग्लंड आणि वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड स्कीममधून हवेवर चालणाऱ्या हीट पंपला ७,५०० पौंड मिळतात. आधी ५,००० होते, ऑक्टोबर २०२३ मध्ये वाढवले. अर्ज बसवणारा करतो आणि तेवढी रक्कम बिलातून वजा होते. ती वजा जाऊन आमच्या खिशातून साधारण पाच हजार पौंड गेले. नवा बॉयलर तीन हजारात आला असता. म्हणजे दोन हजार जास्त. लपवायचं काय त्यात?

आता महिन्याचं बिल. हे नीट ऐका, कारण इथेच रेडिएटरचा मुद्दा परत येतो. मी हिशोब मांडला तेव्हा, २०२५ च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये, सरकारी कमाल दराने वीज सरासरी २५.७३ पेन्स युनिट होती आणि गॅस ६.३३. म्हणजे वीज चौपट महाग. बॉयलरमध्ये थोडी उष्णता वाया जाते. ते धरून गॅसच्या उष्णतेचं एक युनिट पडतं सव्वासात पेन्सच्या आसपास. हीट पंपने एकाला २.८ दिले तर युनिट पडतं ९.२ पेन्स. महाग. साडेतीन दिले तर ७.३५. जवळपास बरोबरी. चार दिले तर ६.४. स्वस्त.

दिसलं? यंत्र तेच, घर तेच. फायदा की तोटा, हे ठरवतं पाण्याचं तापमान. आणि पाण्याचं तापमान ठरवतो रेडिएटर. छोटा रेडिएटर तसाच ठेवून वाचवलेले दोन-अडीचशे पौंड दर हिवाळ्यात थोडेथोडे बिलातून परत जातात. याशिवाय गॅसचं कनेक्शन पूर्ण बंद केलं तर त्याचा रोजचा स्थिर आकार वाचतो, आणि काही कंपन्या हीट पंपवाल्यांना वेगळा वीजदर देतात. पण हे धरायचं नंतर. आधी तापमान.

पहिल्या आठवड्यात मी केलेला घोळ

सप्टेंबरमध्ये हीट पंप बसला. ऑक्टोबरच्या पहिल्या थंडीत मी काय केलं? जुन्या सवयीने रात्री बंद केला, रिकाम्या खोल्यांचे नॉब फिरवून बंद केले, आणि सकाळी सहाला चालू केला. दहा वाजले तरी घर थंड. नवरा माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे बघतेय. पाच हजार पौंड पाण्यात गेले की काय!

चूक यंत्राची नव्हती, माझी होती. बॉयलर म्हणजे मोठ्या आचेवरची फोडणी. अर्ध्या तासात काम तमाम. हीट पंप म्हणजे मंद आचेवरचं वरण. सावकाश, सतत. सगळे नॉब उघडे ठेवायचे, कारण जेवढा पत्रा कामाला, तेवढं पाणी कोमट चालतं. रात्री फार तर दोन डिग्री कमी करायचे. आणि 'वेदर कॉम्पेन्सेशन' नावाचं एक सेटिंग असतं ते चालू ठेवायचं. बाहेर १० डिग्री असेल तर पाणी ३८-४० ला पाठवायचं, बाहेर उणे ३ असेल तरच ५०. बाहेरची हवा बघून यंत्र स्वतः ठरवतं. म्हणजे ५० हा वर्षातला मोजक्या दिवसांचा आकडा, बाकी हिवाळा त्याहून कोमट पाण्यात निघतो.

तुमचे प्रश्न

*"बाहेर उणे तापमान असताना हवेत उष्णता येते कुठून?"*
आपल्याला थंड वाटलं म्हणजे उष्णता संपली असं नसतं. ती खरी संपते उणे २७३ ला. हल्लीच्या बऱ्याच हीट पंपांत प्रोपेन वायू फिरतो, आणि तो उणे ४२ ला उकळतो. त्याच्या दृष्टीने उणे ३ ची हवा म्हणजे गरमच! नॉर्वे, स्वीडन, फिनलंड इथे घरटी हीट पंपांचं प्रमाण युरोपात सगळ्यात जास्त आहे. थंडीतच चालत नसते तर तिथे कुणी लावले असते?

*"बाहेरच्या युनिटमधून वाफ येते, जळालं का?"*
नाही. दमट थंडीत त्याच्यावर बर्फ धरतो, तो वितळवायला यंत्र काही मिनिटं उलटं चालतं. ती त्याची वाफ.

*"७० डिग्रीवाला हीट पंप मिळतो ना? मग रेडिएटर कशाला बदलायचे?"*
मिळतो. क्वचित लागणाऱ्या थंडीसाठी ठीक आहे. पण रोज ७० वर चालवणं म्हणजे हमालाला रोज दहाव्या मजल्यावर पाठवणं. मजुरी तुम्हीच देणार.

*"खरंच सगळ्या प्रकारच्या घरांत चालतो का?"*
ब्रिटनमध्ये सरकारच्या पैशातून एक मोठा प्रयोग झाला. वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या प्रकारच्या घरांत मिळून ७४२ हीट पंप बसवले. निष्कर्ष असा, की अमुक प्रकारच्या किंवा अमुक काळातल्या घरात चालतच नाही, असं काही आढळलं नाही. पण तिथली कार्यक्षमता २.८ च्या आसपास आली, आणि मघाचा हिशोब आठवा, २.८ ला बिल वाढतं. म्हणजे 'चालतो' आणि 'परवडतो' यांच्यामध्ये नीट मोजमाप उभं आहे.

*"आम्ही भाड्याने राहतो, आम्हाला काय उपयोग?"*
आहे ना! मघाची चाचणी तुम्हीही करा. कॉम्बी बॉयलरचं पाणी ७५ वरून ६० वर आणलं आणि घर उबदार राहिलं, तर तसंच ठेवा. परत येणारं पाणी साधारण ५५ च्या खाली असेल तरच आजचे बॉयलर धुरातल्या वाफेची उष्णता परत मिळवतात. त्यामुळे तुमचा गॅस तेवढा वाचेल. घरमालकाला विचारून करा, एवढंच.

पाहणीला येणाऱ्याला काय विचाराल?

चार प्रश्न. एक, खोलीगणिक उष्णतेची गळती मोजणार का? दोन, सगळ्यात थंड दिवशी पाणी किती डिग्रीचं धरलंय? तीन, त्या तापमानाला माझा कोणता रेडिएटर पास, कोणता नापास, हे कागदावर देणार का? चार, पाइप किती मिलिमीटरचे आहेत? आमच्याकडे दुसऱ्यांदा जो आला त्याने तीन तास मोजमाप केलं, माळ्यावर चढला, एकेका रेडिएटरची लांबी-जाडी लिहून घेतली. काम त्यालाच दिलं.

शेवटी आईचं सांगते. नोव्हेंबरमध्ये ती परत आली. पहिल्याच सकाळी, बाहेर दवाचा पांढरा थर, आणि आई खोलीतून हाक मारतेय, "अगं, हे बंद पडलंय बघ परत!" मी धावत गेले. ती रेडिएटरवर हात ठेवून उभी. म्हणाली, "बघ, नुसता कोमट आहे."

मी म्हटलं, "आई, तुला थंडी वाजतेय का?"

ती थांबली. स्वेटर घातलेला नव्हता तिने. भिंतीवरचा थर्मामीटर २०.५ दाखवत होता. म्हणाली, "नाही गं. पण मग मी हात कशावर शेकू?"

तेवढी तक्रार खरी आहे, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. चहाचा कप दिला हातात.

तर मंडळी, थंडी आहे तोवर चाचणी करून बघा, आणि कुठल्या खोलीत किती डिग्री आले ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. निवडक घरांचे आकडे पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये मांडू. तोपर्यंत काळजी घ्या, उबेत राहा. भेटू!